अहवालाच्या पुढे काय?

आता बघा, अमेरिकेत राज्याच्या परिवहन खात्याला महामार्गांसाठी केंद्राकडून जो निधी मिळतो, त्यातल्या प्रमुख योजनांचे २ टक्के नियोजन-संशोधनासाठी राखावे लागतात; त्यातला एरवी किमान चौथा हिस्सा संशोधनालाच. म्हणजे पैशाची सोय कायद्यानेच झाली. मिनेसोटाने तर आय-९४ महामार्गालगत चाचणीचा रस्ता बांधला. १९९४ पासून तिथे खरी वाहतूक धावते आणि रस्त्याखालचे सेन्सर ताण मोजतात.

पण मंडळी, खरी मेख पुढे आहे. अहवाल छापला की काम संपलं का? रस्ते बांधणाऱ्या अभियंत्याच्या नियमावलीत तो निष्कर्ष उतरला नाही, तर लोकांचा पैसा कपाटात गेला. म्हणून प्रकल्प निवडतानाच विचारायचं: उत्तर मिळालं, तर वापरणार कोण?