प्रवेशाचे गुण आणि पुढील यश



गव्हाण हे पनवेल तालुक्यातील गाव. या भातपट्ट्यात पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकावे, अशी कृषी विभागाची शिफारस आहे : १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. तरंगलेले दाणे पोकळ म्हणून काढून टाकायचे. तळाशी बसलेले धुऊन, सावलीत वाळवून पेरायचे. महाविद्यालयाची प्रवेशयादी याच प्रकारचे काम करते.

समजा, एका महाविद्यालयाने बारावीत ८० टक्क्यांहून अधिक गुण असलेल्यांनाच प्रवेश दिला. तीन वर्षांनी ९३ टक्केवाला मागे पडला आणि ८२ टक्केवाली पहिली आली. यावरून बारावीच्या गुणांना अर्थच नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. वर्गात सारेच ८० च्या वरचे असल्याने त्यांच्यातील अंतर मुळातच थोडे होते. पुढील फरक अध्यापन, प्रकृती, घरची परिस्थिती अशा कारणांनी पडला असणे स्वाभाविक आहे. उलट, 'आमचे विद्यार्थी यशस्वी झाले, म्हणजे आमची निवड अचूक' हा दावाही तितकाच लंगडा. ज्यांना नाकारले त्यांनी काय केले असते, हे कोणी पाहिलेलेच नसते. तरंगलेले दाणे पेरलेच नाहीत, तर ते उगवले असते की नाही हे कसे ठरवणार?

१९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ते पेरून पाहिले. बारावी न झालेल्या प्रौढांनाही पूर्वतयारी शिक्षणक्रमाद्वारे पदवीची वाट खुली झाली. मात्र मुक्त शिक्षणातील निकालही सावधपणे वाचावेत. कामाची पाळी बदलली, लावणी आली, मूल आजारी पडले, म्हणून एखादी विद्यार्थिनी परीक्षेला बसत नाही. निकालपत्रावर ती केवळ 'अनुपस्थित' असते. तिची कुवत त्या शब्दातून कळत नाही.

आपण भाषेचे अभ्यासक आहोत, म्हणून आणखी एक गोष्ट. मराठीत 'गुण' हा एकच शब्द परीक्षेतील आकडाही सांगतो आणि अंगची योग्यताही. (इतर विषयांच्या प्राध्यापकांना याचे फारसे काही वाटत नाही.) घरी आगरी बोलणारे मूल 'पाणी'ला 'पानी', 'शाळे'ला 'शाला' म्हणते. उत्तरपत्रिकेत तेच उतरले की गुण कमी होतात. हे कमी झालेले गुण मुलाचे आकलन मोजतात, की त्याच्या घरचे प्रमाणभाषेपासूनचे अंतर? माझ्या मते पुष्कळदा दुसरेच.

कृती : आपली शेवटची शालेय गुणपत्रिका समोर घ्या. मराठीच्या गुणांमागे आकलन किती आणि घरची बोली किती, याविषयी दहा ओळी लिहा.