बिल नाही, म्हणून वॉरंटीही गेली?

सेकंडहँड फोन घेतला आणि आठवड्यात चार्जिंग बंद. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर पहिला प्रश्न, "बिल आणलंय?" माझ्याकडे नुसता फोन!

डायलरवर *#०६# दाबा, १५ आकडी आयएमईआय दिसेल. बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर तो किंवा सीरियल नंबर टाकला की वॉरंटी उरलीय का ते कळतं. काही कंपन्या बिल नसल्यास फोन पहिल्यांदा चालू झाल्याची तारीख धरतात, त्यामुळे काउंटरवरून लगेच मागे फिरू नका. मूळ खरेदी ऑनलाइन असेल तर आधीच्या मालकाच्या ऑर्डर हिस्टरीतून बिल पुन्हा निघतं. मला तसंच मिळालं, दोन मिनिटांत. (आधीच्या मालकाचा नंबर जपून ठेवा हो!)

आणि फोन घेतानाच सिमच्या खाचेत टॉर्च मारा. काही फोनमध्ये आत पांढरी पट्टी असते; ती लाल झाली असेल, तर पाणी गेलंय. मग बिल असूनही फुकट दुरुस्ती बहुधा नाहीच.