‘दुसरी जागा देतोय ना!’ : रिडन्डन्सीबद्दलचे पाच गैरसमज

‘तुमची पोस्ट राहत नाहीये, पण दुसरी एक जागा आहे. शुक्रवारपर्यंत कळवा.’ ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर हे पडलं, की डोळ्यांपुढे आधी घराचा हप्ता येतो, मग व्हिसा. त्या धास्तीत अनेक जण घाईने होकार देतात, नाहीतर रागाने नकार. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला लागू असलेला १९९६ चा एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट मात्र विचार करायला वेळ देतो.

गैरसमज १ : दुसरी जागा नाकारली की रिडन्डन्सीची, म्हणजे पोस्ट रद्द झाल्याची, भरपाई बुडाली.
वस्तुस्थिती : ती जागा तुमच्यासाठी योग्य असेल आणि तुम्ही रास्त कारणाशिवाय नाकारली, तरच भरपाई जाते. पगार, हुद्दा, तास, ठिकाण आणि तुमचं कौशल्य यांवरून जागेची योग्यता ठरते. समजा, स्लाऊचं ऑफिस बंद होऊन क्रॉयडनला जागा मिळाली. पगार तोच, पण सव्वातीनला मुलीला शाळेतून आणायला तुमच्याशिवाय कोणी नाही. असं घरगुती कारणही रास्त ठरू शकतं. म्हणून नकार लेखी द्या आणि कारण स्पष्ट लिहा.

गैरसमज २ : एकदा ‘हो’ म्हटलं की परतीची वाट बंद.
वस्तुस्थिती : नव्या जागेच्या अटी वेगळ्या असतील, तर चार आठवडे काम करून पाहायचा कायदेशीर हक्क आहे. या मुदतीत काम जमत नाही असं दिसलं आणि सोडण्याचं कारण रास्त असलं, तर भरपाई शाबूत राहते. हे चार आठवडे कॅलेंडरचे असतात. मध्ये नाताळची सुट्टी आली तरी मुदत लांबत नाही. नवं काम शिकण्यासाठी ती वाढवायची असेल, तर काम सुरू होण्याआधीच लेखी करार हवा. पाचव्या आठवड्यात तुम्ही तिथेच असाल, तर जागा स्वीकारली असं धरलं जातं. मात्र तुमची जुनी सेवा पुसली जात नाही, ती पुढे चालू राहते.

गैरसमज ३ : भरपाई ही कंपनीची मेहेरबानी, शिवाय व्हिसावाल्यांना ती नसतेच.
वस्तुस्थिती : सलग दोन वर्षं सेवा झालेल्या कर्मचाऱ्याचा तो हक्क आहे, पासपोर्ट कुठलाही असो. वयाच्या २२ ते ४० मधल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एक आठवड्याचा पगार, ४१ पासून पुढच्या वर्षांमागे दीड आठवड्याचा आणि २२ च्या आतल्या वर्षांमागे अर्ध्या आठवड्याचा. ४५ वर्षांच्या, दहा वर्षं नोकरी झालेल्या माणसाला १२ आठवड्यांचा पगार मिळतो. आठवड्याला ६०० पाउंड पगार असेल, तर ७,२०० पाउंड. हिशेबात जास्तीत जास्त २० वर्षं धरतात आणि आठवड्याच्या पगारालाही कमाल मर्यादा असते.

गैरसमज ४ : गरोदर किंवा बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईनेही इतरांसारखं रांगेत उभं राहायचं.
वस्तुस्थिती : तिची जागा जात असेल आणि योग्य जागा रिकामी असेल, तर ती आधी तिला द्यावी लागते. एप्रिल २०२४ पासून हे संरक्षण गरोदरपणाची माहिती कंपनीला दिल्यापासून बाळाच्या जन्मानंतर १८ महिन्यांपर्यंत मिळतं.

गैरसमज ५ : कंपनी तीच, म्हणजे व्हिसाची काळजी नको.
वस्तुस्थिती : स्किल्ड वर्कर व्हिसा कामाच्या प्रकाराशीही जोडलेला असतो. नव्या कामाचा ऑक्युपेशन कोड वेगळा असेल, तर रुजू होण्याआधी व्हिसासाठी नव्याने अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. होकार देण्याआधी एचआरला हा कोड विचारा.

तेव्हा शुक्रवार उजाडण्याआधी एक ईमेल करा : नव्या जागेचं काम, पगार, तास, ठिकाण आणि सुरुवातीची तारीख लेखी मागा. होकार दिलात, तर चौथा आठवडा संपण्याची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. भरपाई अडवली, तर साधारणपणे सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. त्यासाठी एकास या संस्थेचा मोफत सल्ला मिळतो. नोकरी जाण्याचं दुःख कायदा हलकं करत नाही, पण हक्काचे पैसे केवळ माहिती नव्हती म्हणून कुणी सोडून देऊ नयेत.