सोबतीने चालण्याचे गुण

चालणे ही काही कोणाकडून शिकण्याची विद्या नव्हे. वर्षाचे मूलही पडत-धडपडत ती आपली आपण हस्तगत करते. मग तिजवर महोत्सवाच्या स्मरणिकेत लेख कशाला, असे एखादा वाचक विचारील. त्यास आमचे उत्तर इतकेच की, चालता सर्वांना येते. रोज चालणे मात्र फार थोड्यांना साधते. ते कशाने साधते, याचा थोडाबहुत अनुभव 2023 पासून कमाटीबागेत एकत्र फिरणाऱ्या आपल्या ट्रस्टच्या मंडळींनी घेतला आहे. तोच येथे मांडावयाचा आहे.

व्यायामाचे महत्त्व बडोदेकरांस नव्याने सांगावे असे नाही. उस्ताद जुम्मादादांच्या तालमीत राजरत्न माणिकराव तयार झाले आणि ते व्यायाममंदिर आजही गुरूच्याच नावाने ओळखले जाते. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेले मराठी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड याच नगरीतून निघाले. परंतु दंड, जोर, जोडी हे तरुणपणाचे वैभव. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरू लागले आणि रक्तातील साखर वाढली, म्हणजे माणूस व्यायामाचे नाव टाकतो. अशांसाठी चालणे आहे. त्यास आखाडा लागत नाही की वर्गणी लागत नाही. पायात बसतील असे बूट असले म्हणजे झाले.

चालल्याने शरीरात काय घडते, ते पाहू. चालताना मांड्या व पोटऱ्या यांचे मोठे स्नायू काम करू लागतात. काम करणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो आणि त्या वेळी त्यास इन्सुलिनची गरजही कमी भासते. म्हणून मधुमेह्याने जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे विशेष गुणकारी असते. पोटरीचे स्नायू आवळले की पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. हृदयास नियमित श्रमाची सवय लागली, म्हणजे विश्रांतीच्या वेळी ते संथ चालते व रक्तदाबही काहीसा उतरतो. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी 1953 साली प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांत हृदयविकार अधिक आढळला. तेव्हापासून या विषयाकडे वैद्यकाचे लक्ष वेधले.

किती चालावे? जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्यास किमान 150 मिनिटांचे मध्यम श्रम सांगितले आहेत. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. श्रम मध्यम आहेत की नाहीत, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. दहा हजार पावलांचा जो बोलबाला आहे, त्याचा उगम 1965 च्या सुमारास जपानात विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावात आहे. ती काही वैद्यकाची आज्ञा नव्हे. वृद्धांस त्याहून कमी पावलांनीही चांगला लाभ होतो. तेव्हा आकडा गाठला नाही म्हणून कोणी हिरमुसून घरी बसू नये.

आता सोबतीचा मुद्दा. गटाने चालण्याविषयीच्या 42 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2015 साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. अशा चालण्याने रक्तदाब तीन-चार अंकांनी उतरतो, उदासपणा कमी होतो आणि बहुतेक लोक क्रम टिकवून धरतात, असे त्यात दिसून आले. आमचा अनुभव याहून वेगळा नाही. आमच्यातील एका दुकानदार गृहस्थांनी पूर्वी तीन वेळा चालण्याचा संकल्प सोडला आणि तिन्ही वेळा तो पंधरवड्यात मोडला. या खेपेस मोडला नाही. कारण विचारता ते म्हणाले, “मास्तर, डॉक्टरांचे भय दोन दिवस टिकते, पण तुम्ही मंडळी फाटकाशी ताटकळत उभी राहाल, ही लाज रोज उठवते.” त्यांचे वजन फारसे उतरले नाही, हेही सांगितले पाहिजे. साखर मात्र आटोक्यात आली आणि जिना चढताना लागणारी धाप कमी झाली.

एक ताई पती वारल्यापासून वर्षभर घराबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांची सून त्यांना आग्रहाने घेऊन आली. पहिले आठ दिवस त्या बाकावरच बसून राहिल्या आणि त्यांस कोणी उठविलेही नाही. पुढे त्या एक फेरी घालू लागल्या, मग दोन. गटाची चाल सर्वांत संथ माणसाच्या पायाने ठरावी, हा आमचा नियम त्यांच्यामुळेच झाला. ज्यांस वेगाने जावयाचे असेल त्यांनी पुढे जाऊन परत यावे; मागे मात्र कोणी एकटे राहता कामा नये.

दुसरा नियम असा की, जो न सांगता आला नाही त्यास त्याच दिवशी फोन करावयाचा. याची किंमत 2024 च्या ऑगस्टअखेर कळली. विश्वामित्रीस पूर आला, वस्त्यांत पाणी शिरले, वीज गेली. आमच्यातील एक वयोवृद्ध काका तळमजल्यावर एकटे राहतात. त्यांचा फोन लागेना. पाणी ओसरताच आमच्यातील दोघे चिखल तुडवीत गेले. काका वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे सुखरूप होते. परंतु त्यांचे इन्सुलिन खाली फ्रीजसह पाण्यात गेले होते आणि संकोचाने त्यांनी ते कोणास सांगितले नव्हते. ते इन्सुलिन घेतात, हे शेजाऱ्यांस ठाऊक नव्हते. आम्हांस ठाऊक होते, कारण रोजच्या फेरीत आणखी बोलावयाचे काय? त्याच दुपारी औषध मिळाले.

थोडी सावधगिरीही हवी. चालताना छातीत दडपण आले, चक्कर आली, तर तेथेच थांबावे आणि विनाविलंब डॉक्टर गाठावा. इन्सुलिन अथवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात गूळ-साखर बाळगावी आणि रात्री पाय तपासावेत. मधुमेहात जखम दुखत नाही, पण चिघळते. उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी परतावे. रमजानात आमच्यातील रोजेदार पहाटेची फेरी सोडून इफ्तारनंतर थोड्या वेळाने चालतात. औषधाच्या वेळा मात्र महिना लागण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

आपल्या ट्रस्टने शिष्यवृत्त्या दिल्या, औषधोपचारास साह्य केले. ती कामे पैशाने होतात. हे काम पैशाने होणारे नाही. त्यास माणसे लागतात. प्रत्येक मोहल्ल्यातून चार-पाच जणांनी वेळ ठरवून निघावे आणि निघताना आपल्या आळीत एकट्या राहणाऱ्या माणसाचे दार वाजवावे. तो पहिल्या दिवशी नाही म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवावे.