रंगाआडचा गंज

प्रवासाला निघताना घरच सोबत घ्यावे, ही कल्पना मोठी मोहक आहे. निजण्याची जागा, छोटी शेगडी, पाण्याची टाकी आणि कपाट एवढे सारे ज्या गाडीत सामावते, तिला ‘कॅम्पर व्हॅन’ म्हणतात. या प्रकारात जगभर ओळखली गेली ती जर्मनीची फोक्सवॅगन. बेन पोन या डच व्यापाऱ्याने १९४७ मध्ये वहीच्या पानावर तिचे पहिले रेखाटन केले. १९५० मध्ये वोल्फ्सबुर्ग येथे उत्पादन सुरू झाले आणि पुढल्याच वर्षी वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात छोटा संसार थाटण्याची सोय केली.

ब्रिटनमध्ये अशा अनेक जुन्या गाड्या हौसेने जपल्या जातात. तेथे मोटारींची दरवर्षी ‘एम.ओ.टी.’ नावाची तपासणी होते. मात्र मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा बदल न झालेल्या बहुतेक वाहनांना तीतून सूट मिळाली आहे. तरीही धोकादायक स्थितीतील वाहन चालवणे हा गुन्हाच असून त्यासाठी अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे तपासणी टळली, जबाबदारी टळली नाही. ती मालकाच्या विवेकावर येऊन पडली.

सांगाडा आधी, रंग नंतर

या गाडीचा पत्रा आणि खालचे लोखंडी दांडे एकमेकांना जोडून एकच सांगाडा बनलेला असतो. त्यामुळे दाराखालचा पत्रा, चाकांवरच्या कमानी, जॅक लावण्याच्या जागा किंवा बॅटरीखालचा तळ गंजला, तर तो केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. चकाकत्या रंगाखाली कित्येकदा नुसती लांबी भरलेली असते. लोहचुंबक तेथे नीट चिकटत नाही आणि लबाडी उघडी पडते. गंजलेल्या भागावर नवा पत्रा ठोकणे व्यर्थ होय. निरोगी धातू लागेपर्यंत तो कापून काढावा आणि मगच वेल्डिंग करावे. कापण्यापूर्वी सांगाड्याला आतून आधार द्यावा, अन्यथा तो वाकतो आणि पुढे दारे नीट लागत नाहीत.

चालण्यापूर्वी थांबणे

दुरुस्तीत इंजिनाआधी ब्रेकचा मान असावा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब उतारावर ते तापून त्यात वाफ झाली की ब्रेकचे पायडल पोकळ लागते. म्हणून हे तेल साधारण दर दोन वर्षांनी बदलावे. रबरी नळ्या बाहेरून धड दिसल्या तरी आतून फुगून बंद होऊ शकतात. टायरची नक्षी शाबूत असली, तरी वयामुळे रबरास तडे जातात.

आग आणि धूर

इंजिन मागे असते आणि अनेक गाड्यांत रात्रीची शय्या नेमकी त्याच्यावर येते. पेट्रोलची जीर्ण नळी चिरली आणि थेंब तप्त इंजिनावर पडले, तर क्षणात भडका उडतो. २०२१ पासून तेथील साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. जुन्या रबरास ते मानवत नाही, म्हणून त्याला टिकणारी नळी बसवावी. हवेने थंड होणाऱ्या या इंजिनाभोवतीची रबरी पट्टी गहाळ असेल, तर खालची तप्त हवा पंख्यात शिरून इंजिन अतितप्त होते.

गाडीत ऊब आणणारी व्यवस्था एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालते. तिच्या पेटीस भोक पडले, तर विषारी वायू थेट आत येतो. शेगडीचा गॅस हवेहून जड असल्याने तो तळाशी साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला खालून झरोका हवाच. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे छोटे यंत्र बसवावे आणि बंद गाडीत ऊब मिळवण्यासाठी शेगडी कधीही पेटवू नये.

सारे झाल्यावर, सूट असली तरी, गाडी स्वेच्छेने तपासणीस नेता येते. दुसऱ्याची डोळस नजर आपल्या हौसेला न दिसलेले दोष दाखवते. त्यानंतरची पहिली फेरी घराजवळचीच असावी. परत आल्यावर नटबोल्ट पुन्हा आवळावेत, खाली तेल ठिबकते का ते पाहावे आणि मगच मुलाबाळांचे अंथरूण गाडीत घालावे.