पद्मिनी गेली, नावाचा मालक कोण?

आपल्या शिरूर तालुक्यात रांजणगावच्या एमआयडीसीत फियाटचा कारखाना आहे. तिथे 2017 पासून जीप मोटारी बनू लागल्या. मात्र 2020 पासून फियाट नावाची मोटार आपल्या बाजारात मिळत नाही. कारखाना आहे, कारागीर आहेत, नाव गेले. असे का झाले, हे धंदेवाल्या बांधवांनी समजून घ्यावे.

सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लायमाउथ अशा अमेरिकी गाड्या जोडल्या गेल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. 1974 पासून त्या गाडीला प्रीमियर पद्मिनी नाव मिळाले, तरी शिरूर-दौंडकडे लोक तिला फियाटच म्हणत राहिले. नाव बदलले, पण नक्शा फियाटचाच होता.

परवाना राजमुळे गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लावून बसे. माल आपोआप खपतो म्हटल्यावर सुधारणा कोण करणार? 1983 मध्ये मारुती आली आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली, ती थोड्याच वर्षांत मोडली. फियाटशी केलेल्या भागीदारीत मालकी हळूहळू फियाटकडे गेली. पद्मिनी बंद झाली. मुंबईतील तिची शेवटची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरली.

फियाटचेही तेच झाले. रांजणगावला टाटांबरोबर निम्मी भागीदारी झाली. तिथले डिझेल इंजिन टाटांच्या गाड्यांतही बसले आणि नावाजले गेले. फियाटची स्वतःची गाडी मात्र खपेना. 2021 मध्ये फियाट आणि प्यूजो जगभरात एकाच कंपनीखाली आल्या. प्रीमियरचे दोन्ही जुने भागीदार एका घरात गेले, प्रीमियर बाहेर राहिली.

आम्ही कापडवाले. गिरणी बंद पडते, तिचे नाव विकले जाते आणि तोच शिक्का दुसऱ्याच्या तागावर दिसतो, हे आम्ही पाहिले आहे. एजन्सी म्हणजे मालकी नव्हे. दुसऱ्याच्या नावावर दुकान चालवणाऱ्याने मुदत, हिशेब आणि करार मोडण्याच्या अटी लेखी घ्याव्यात. आपला माल असेल तर आपला शिक्का ट्रेडमार्क म्हणून नोंदवावा. नोंदणी 10 वर्षांची असते, पुढे वाढवता येते.

आणि मिस्त्री बांधवांनी ध्यानात ठेवावे, कंपनीचे नाव बदलले तरी हातातला हुन्नर कोणी विकत नेत नाही. मात्र नव्या इंजिनाचे काम वेळीच शिकले पाहिजे.