सांधे लवचीक, पण दुखणे खरे



आमच्या वसतिगृहात कवायतीच्या वेळी काही मुले गुडघे न वाकवता दोन्ही तळहात जमिनीला टेकवतात. पाहुणे कौतुक करतात, आणि त्यात वावगे काही नाही. सांधे सैल असणे हा स्वतःहून रोग नव्हे. मुलांचे सांधे मोठ्यांपेक्षा लवचीक असतातच, वयाबरोबर ते आखडत जातात. पण अशाच एखाद्या मुलीचे गुडघे रोज संध्याकाळी दुखतात, घोटा वारंवार मुरगळतो, कळशी उचलताना खांदा निसटतो. एक्स-रेमध्ये हाड चांगले दिसते, आणि तिच्यावर कामचुकारपणाचा शिक्का बसतो.

सांधा बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या जास्त ताणल्या जात असतील, तर सांधा सावरायचे काम स्नायूंवर येते. ते थकतात, म्हणून दुखणे बहुधा दिवस कलताना वाढते.

हे तपासायला यंत्र लागत नाही. बायटन यांच्या नावाने ओळखली जाणारी ९ गुणांची चाचणी आहे. त्यांनी व सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील त्स्वाना लोकांची अशी पाहणी १९७३ साली प्रसिद्ध केली. करंगळी मागे काटकोनापलीकडे जाते का, अंगठा मनगटाकडे वळवून हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा सरळ रेषेपलीकडे मागे वाकतो का, प्रत्येक बाजूला एक गुण. तळहात जमिनीला टेकले तर नववा. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत वयात न आलेल्या मुलांसाठी ६ आणि पन्नाशीपर्यंतच्या प्रौढांसाठी ५ गुणांची मर्यादा आहे. पण नुसत्या गुणांवरून निदान होत नाही. दुखणे किती महिने आहे, घरात आणखी कोणाला आहे, हे डॉक्टर विचारतात.

आपल्या आदिवासी भागात मात्र क्रम महत्त्वाचा. हातपाय दुखतात म्हटले की आधी सिकलसेलची रक्ततपासणी. सांधा सुजला, ताप आला, तर तो सैल सांध्यांचा प्रश्न समजून थांबू नये. अंग फार उंच आणि बोटे लांबसडक, नजर अधू, किंवा कातडी अगदी पातळ आणि घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेले, अशा मुलाचे हृदय व रक्तवाहिन्या मोठ्या रुग्णालयात तपासून घ्याव्यात.

सांधे घट्ट करणारे औषध नाही. उपाय म्हणजे मांड्या, खांदे आणि पाठ यांचे स्नायू बळकट करणे; फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम, थोडा थोडा पण रोज. अंथरुणावर पडून राहिल्याने स्नायू आणखी ढिले होतात. हाड बसवणाऱ्याकडून झटके देणे टाळावे. (हे पाड्यावर पटवणे सर्वांत अवघड जाते!) भरलेल्या मोठ्या कळशीऐवजी लहान कळशीच्या दोन खेपा, लिहिताना जाड पेन आणि मध्ये विश्रांती. अंग वाकवून दाखवायचे खेळही बंद, मग टाळ्या पडोत की न पडोत.